दिवेलागणीला डॅन्यूबवर : बुडापेस्टची संध्याकाळची बोटफेरी

कडेकपारी | १५ जून, रात्री ११:४०

कामासाठी चार दिवस बुडापेस्टला जाऊन आलो. तिथल्या सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला, "संध्याकाळी बोटीत बसल्याशिवाय परत जायचं नाही." मी असल्या प्रकारांना नाक मुरडणारा माणूस. कोंबलेली बोट, कानठळ्या बसवणारा स्पीकर आणि 'आता डावीकडे बघा, आता उजवीकडे बघा'. भिडेखातर गेलो, आणि माझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. दोन दिवसांनी एकटाच पुन्हा गेलो, तर तेच म्हणणं साफ खोटं ठरलं. शहर तेच, नदी तीच, धक्काही जवळपास तोच. बदलली होती फक्त वेळ आणि बसायची जागा. म्हणून हा धागा.

पहिली फेरी रात्री दहाची, जेवणासकट. काचबंद बोट, पांढरे टेबलक्लॉथ, एक व्हायोलिनवाला. बाहेर मिट्ट काळोख आणि आत झगझगीत उजेड, मग काचेत दिसणार काय? माझंच तोंड, समोरच्याचं टक्कल आणि बटाट्यांची बशी. त्या सगळ्याच्या पलीकडे काहीतरी पिवळं सरकत होतं, ते म्हणे संसद भवन. कानाला लावायच्या यंत्रातली बाई बोटीच्या पुढे धावत होती. ती पुलाखालून निघून गेली तेव्हा आम्ही अजून राजवाड्यापाशी रेंगाळत होतो.

दुसरी फेरी. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेनऊला मावळतो. मी साधारण साडेआठची, तासाभराची, जेवण-बिवण नसलेली बोट घेतली. वरचा डेक उघडा, प्लास्टिकच्या खुर्च्या. विगादो चौकाजवळच्या धक्क्यावरून निघालो, म्हणजे साखळी पूल आणि एलिझाबेथ पूल यांच्या मधून.

इथे थोडा भूगोल सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. नदी शहरातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला बुडा, टेकड्यांचं. पूर्वेला पेस्ट, तळहातासारखं सपाट. (बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन निरनिराळी गावं १८७३ मध्ये एक झाली.) सूर्य बुडाच्या टेकड्यांमागे उतरतो. त्यामुळे राजवाडा आणि टेकडी आधी सावलीत जातात, नुसत्या कडा उरतात. आणि शेवटचं ऊन समोर पेस्टच्या काठावर आडवं पडतं. संसदेचं तोंड नदीकडे, म्हणजे पश्चिमेला. २६८ मीटर लांबीची ती इमारत त्या दहा मिनिटांत हळदीच्या रंगाची होते. ते ऊन आहे, दिवे नव्हेत. दिवे अजून लागायचेच असतात.

बोट उत्तरेला मार्गारेट बेटापर्यंत गेली आणि वळली. तेवढ्यात ऊन संपलं, आकाश निळं-जांभळं झालं आणि परतताना संसदेचे दिवे लागत होते. एकदम नाही. आधी खालच्या कमानी, तेही इतके मंद की ऊन राहिलंय का असा भास व्हावा. मग हळूहळू वरचे सुळके. घुमट उजळला तेव्हा त्याच्याभोवती पांढरे ठिपके गरगरताना दिसले. मला वाटलं पतंग किंवा राख. शेजारच्या आजोबांनी हाताने पंख हलवून दाखवले. पक्षी! दिव्यांच्या झोतात आले की चमकायचे, बाहेर गेले की नाहीसे व्हायचे. दहाच्या काचबंद बोटीत यातलं काय दिसणार होतं?

दुसरी गोष्ट पूल. वरून चालताना पूल म्हणजे रस्ताच. खालून जाताना कळतं की ती केवढी वस्तू आहे. हिरवा स्वातंत्र्य पूल (१८९६ चा) जवळ आला तेव्हा वरून ट्राम गेली. आधी लांबून खडखड, मग पुलाखाली शिरल्यावर तीच खडखड छातीत. हवा अचानक गार, लोखंडाचा ओलसर वास, डोक्यावर रिव्हेटांच्या रांगाच रांगा. सगळी बोट आपोआप गप्प झाली. दहा सेकंदांत पलीकडे निघालो आणि पुन्हा आकाश. पुलाच्या कमानीसारख्या उतरत्या तुळ्यांवर कॉलेजची पोरं बाटल्या घेऊन आरामात बसली होती, त्यातल्या एकीने आम्हाला हात केला.

थोडक्यात : सूर्यास्ताच्या जरा आधी सुटणारी बोट, उघडा डेक, जेवण नंतर काठावर. प्रश्न असतील तर विचारा.

मुक्तछंदी | १६ जून, सकाळी ७:०५

मस्त लिहिलंय. पक्ष्यांचं तर फारच आवडलं. वाचनखूण साठवली.

खडूस | १६ जून, सकाळी ९:२२

लेख ठीक. पण मला बोटफेरी हा प्रकारच कळत नाही. तीच संसद काठावरून फुकट दिसते, समोरच्या बुडाच्या काठावरून तर अख्खी दिसते. पैसे मोजून हलत्या जागेवरून का बघायची?

(मुठेत बोट घालायची म्हटलं तर आधी पाणी घालावं लागेल, त्यामुळे आम्हाला सवय नाही असंही असेल.)

कडेकपारी | १६ जून, सकाळी १०:१०

खडूसराव, तुमचं अर्धं बरोबर. संसद बघायला सगळ्यात चांगली जागा समोरचा बुडाचा काठच, बात्यानी चौकाजवळ. तिथे मी तिसऱ्या दिवशी अर्धा तास बसलो होतो. पण काठावर तुम्ही एका बाजूला असता. नदीच्या मधोमध गेलात की दोन्ही शहरं एकमेकांकडे तोंड करून उभी दिसतात. डावीकडे अंधारी टेकडी, उजवीकडे उजळलेला सपाट काठ. हे फक्त पाण्यावरून किंवा पुलावरून दिसतं, आणि पुलावर पुलाची खालची बाजू दिसत नाही. :)

काटकसरे | १६ जून, दुपारी १:३०

ज्यांना बोटीचे पैसे वाचवायचे आहेत त्यांच्यासाठी : २ नंबरची ट्राम. पेस्टच्या काठाकाठाने जाते, संसदेला वळसा घालते. साधं तिकीट, खिडकीची जागा, समोर राजवाडा. पलीकडच्या काठाने १९ आणि ४१ नंबर जातात, तिथून उलटा देखावा. मी एकाच संध्याकाळी दोन्हीकडून फिरलो. तिकीट चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या, तपासनीस अगदी आपल्यासारख्या भोळ्या चेहऱ्यांना हेरतात.

आणि कार्डाचं यंत्र 'युरो की फोरिंट' असं विचारतं तेव्हा डोळे मिटून फोरिंट (तिथलं चलन) दाबा. युरो दाबलं की दर ते ठरवतात.

शुद्धलेखनी | १६ जून, दुपारी ४:१५

विषय उत्तम. एक सूचना. 'बुडापेस्ट' हा आपण इंग्रजीवरून उचललेला उच्चार. हंगेरियन भाषेत एकटा एस असेल तर तो 'श', आणि एस-झेड जोडीने आले तर 'स'. पोलिशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे स्थानिक उच्चार साधारण 'बुदॉपेश्त'. नदीला ते 'दुना' म्हणतात. डॅन्यूब म्हटलं तर कळतं, पण दुना म्हटलं तर चेहरा खुलतो. आणि 'गुलाश' नव्हे, 'गुयाश'.

खडूस | १६ जून, दुपारी ४:२१

आला. मी पैज लावली होती की पाचच्या आत येतील.

अनुजाताई | १६ जून, रात्री ९:००

जेवणाच्या बोटीबद्दल कडेकपारी यांना माझं जोरदार अनुमोदन. आम्ही चौघं होतो, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, म्हणून हौसेने महागडी फेरी घेतली. साध्या फेरीच्या जवळपास चौपट. कंपनीचं नाव घेत नाही. 'खिडकीजवळचं टेबल' असं लिहून दिलं होतं, प्रत्यक्षात खिडकी आणि आमच्यात आणखी एक टेबल, त्यावर सहा जणांचं कुटुंब. शाकाहारी म्हणून आधी कळवलं होतं, तर पुढ्यात उकडलेल्या भाज्या आणि त्यावर चीज. बाकीचं सगळं मांसाहारी. फोटो काढायला वर जावं तर वेटर म्हणाला सूप येतंय, बसा. सूप येईपर्यंत संसद गेली.

शाकाहाऱ्यांनी काठावर लांगोश खावं. भटुऱ्याचा थोरला भाऊ, वर लसणीचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. तळायला कुठलं तेल वापरतात ते मात्र विचारून घ्या.

ताम्हण | १७ जून, सकाळी ११:४५

मी सप्टेंबरच्या शेवटी आईला घेऊन जाणार आहे. आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात, थंडी सोसत नाही, पण उत्साह माझ्या दुप्पट. प्रश्न :

धक्क्यावरून बोटीत चढायला किती पायऱ्या? वरचा डेक तिला झेपेल का? आणि सप्टेंबरच्या शेवटी कितीची बोट घ्यावी? कुठल्या बाजूला बसू?

कडेकपारी | १७ जून, दुपारी १२:३०

सप्टेंबरच्या शेवटी सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, म्हणजे सहा-सव्वासहाची बोट बघा. (डिसेंबरात तर चारलाच मावळतो, तेव्हा पाचची बोट म्हणजे पूर्ण रात्रीची झाली.)

काठावरून धक्क्यापर्यंत उतार किंवा पायऱ्या असतात. नदीचं पाणी खाली असेल तर तो उतार तीव्र होतो, भरलेली असेल तर जवळपास सपाट. त्यामुळे पायऱ्यांचा आकडा सांगता येणार नाही. वरच्या डेकला जिना अरुंद आणि उभा होता. पण खालच्या मजल्यावरही पुढे, बोटीच्या तोंडाशी, बहुतेक ठिकाणी उघडी जागा असते. आईंना तिथे बसवा. चढताना तिथल्या पोराला गुडघ्याकडे बोट दाखवून सांगितलंत तर तो आधी सोडतो, आमच्या बोटीत एका आजींना तसंच सोडलं.

बाजू : आम्ही वर जाताना पेस्टच्या अंगाने गेलो आणि येताना बुडाच्या अंगाने आलो, त्यामुळे दोन्ही वेळा जवळचा काठ उजवीकडे होता. मी उजवीकडे म्हणेन.

जहाजी_बाबा | १७ जून, सायंकाळी ६:५०

पस्तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, निवृत्तीनंतर मुलीकडे व्हिएन्नाला राहून डॅन्यूबवर भरपूर हिंडलो. दोन गोष्टी सांगतो.

बाजूचा भरवसा धरू नका. समुद्रात आम्ही साधारणपणे एकमेकांना डावा खांदा देऊन, म्हणजे समोरची बोट डाव्या हाताला ठेवून जातो. नदीत प्रवाहाबरोबर खाली येणाऱ्या बोटीला झटकन थांबता-वळता येत नाही, म्हणून वर चढणाऱ्याने तिला वाट ठेवायची आणि कुठली बाजू ते त्यानेच दाखवायचं. उजवा खांदा द्यायचा असेल तर सुकाणूघराच्या उजव्या अंगाला फिकट निळी पाटी उभी करतात, तिच्यात पांढरा दिवा लुकलुकतो. संध्याकाळी पाण्यावर नीट बघा, चार-पाच बोटींवर तो निळा चौकोन दिसेल. पर्यटक त्याला जाहिरात समजतात. तेव्हा तुमची बोट त्या दिवशी कुठल्या काठाने जाईल ते समोरून कोण येतंय त्यावर ठरतं.

दुसरी, धक्क्याला लागताना बोट अर्धं वर्तुळ घेते आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) प्रवाहाच्या तोंडावर करून हळूहळू सरकते. बरेच जण तेव्हा 'आता पुन्हा फेरी मारणार' म्हणून खूश होतात. तसं नाही. प्रवाह अंगावर घेऊन उभं राहिलं की बोट ताब्यात राहते.

नदीचा उजवा-डावा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. म्हणून बुडा उजवा काठ आणि पेस्ट डावा. तुम्ही वर जाताना गोंधळ होतो तो यामुळे.

काटकसरे | १७ जून, सायंकाळी ७:३५

बाबा, तो निळा चौकोन मी फोटोत पाहिला! मला खरंच जाहिरात वाटली होती.

धास्तावलेली | १७ जून, रात्री १०:१५

मूड घालवायचा नाहीये, पण विचारते. तिथे मध्यंतरी मोठा अपघात झाला होता ना?

जहाजी_बाबा | १८ जून, सकाळी ८:००

झाला होता. २९ मे २०१९, रात्री नऊनंतर, मार्गारेट पुलाखाली. धो धो पाऊस, नदीला पाणी. एका लांबलचक क्रूझ जहाजाने छोट्या प्रेक्षणीय बोटीला मागून धडक दिली आणि ती बोट काही सेकंदांत तळाला गेली. ३५ माणसं होती, बहुतेक दक्षिण कोरियाचे पर्यटक. सात वाचली. मार्गारेट पुलाच्या पेस्टकडच्या टोकाला त्यांचं स्मारक आहे.

घाबरून जाऊ नका, पण मान राखा. मुसळधार पाऊस असेल आणि नदी फुगलेली असेल तर त्या संध्याकाळी तिकिटावर पाणी सोडा. चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते एकदा डोळ्यांनी बघा, विचारायला लाजू नका. संध्याकाळी त्या पट्ट्यात फार दाटी असते, छोट्या बोटी आणि शंभर-सव्वाशे मीटरची जहाजं एकाच पुलाच्या त्याच गाळ्यातून जातात.

पूर फार आला तर बोटी बंदच ठेवतात, कारण पाणी आणि पूल यांच्यात जागाच उरत नाही. २०१३ च्या जूनमध्ये तिथल्या मोजपट्टीवर ८९१ सेंटिमीटर लागले होते, तो विक्रम. आणि २०१८ च्या ऑक्टोबरात तीच नदी ३३ सेंटिमीटरवर आली होती. मोजपट्टीचा शून्य म्हणजे तळ नव्हे, त्यामुळे ३३ म्हणजे गुडघाभर पाणी असं समजू नका. पण या दोन आकड्यांवरून धक्क्याचा उतार किती वरखाली होत असेल ते ताम्हण यांच्या लक्षात येईल.

ताम्हण | १८ जून, सकाळी ९:४०

बाबा, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "मी कोकणातली आहे, तरीतून जयगडची खाडी पार केलेली आहे, तू तुझं बघ."

झाडाझडती | १८ जून, दुपारी ३:२०

इमारतींबद्दल थोडी भर. संसदेचा वास्तुकार इम्रे श्टाइंडल. काम १८८५ ला सुरू, १९०४ ला पूर्ण, आणि श्टाइंडल १९०२ मध्येच गेले. शेवटी शेवटी त्यांची दृष्टी गेली होती असं सांगतात. घुमटाची उंची ९६ मीटर, कारण मग्यार टोळ्या (हंगेरियन लोकांचे पूर्वज) या खोऱ्यात आल्या ते साल ८९६ मानतात. सेंट स्टीफन बॅसिलिकाही ९६ मीटरच, राज्य आणि धर्म दोघांचे मुकुट सारख्या उंचीवर. आपलं व्हीटी नदीकाठी उभं केलं आणि तिप्पट ताणलं तर काय होईल, ते मला पहिल्यांदा बघताना वाटलं.

साखळी पुलाची गोष्ट मात्र यापेक्षा भारी. १८२० मध्ये इश्तवान सेचेनी या उमरावाचे वडील वारले. अंत्यसंस्कारासाठी त्याला नदी ओलांडायची होती, आणि हवा इतकी खराब की आठवडाभर काठावर अडकून पडला. तेव्हा तिथे कायमचा पूल नव्हता, होड्या जोडून केलेला तरता पूल, आणि तो हिवाळ्यात काढून ठेवायचे. त्यातून त्याने पक्क्या पुलाचा ध्यास घेतला. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्क या इंग्रजाचा, बांधकाम पाहिलं ॲडम क्लार्क या स्कॉटिश माणसाने. आडनाव एकच, नातं काही नाही. १८४९ मध्ये पूल खुला झाला, आणि ज्याने एवढा जीव आटवला तो सेचेनी तोवर व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात दाखल झालेला. पूर्ण झालेल्या पुलावर त्याने कधी पाऊल ठेवलं नाही.

जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले उरलेसुरले पूल उडवले, हाही त्यात गेला. पुन्हा उभा राहिला तो १९४९ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. २०२१ ते २०२३ मोठी डागडुजी झाली, आणि आता त्यावर खासगी मोटारींना बंदी आहे. त्यामुळे बोटीतून वर पाहिलं की मुख्यतः बस, टॅक्सी, सायकली आणि माणसं दिसतात.

आणि हो, सिंह! पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह आहेत. गोष्ट अशी की उद्घाटनाच्या वेळी एका चांभाराच्या पोराने ओरडून सांगितलं, सिंहांना जीभच नाही! शिल्पकाराने शरमेने नदीत उडी घेतली म्हणे.

शुद्धलेखनी | १८ जून, दुपारी ३:५८

ती दंतकथा आहे. सिंह १८५२ मध्ये बसवले, पूल खुला झाल्यावर तीन वर्षांनी, मग उद्घाटनाला पोरगं ओरडेल कसं? शिल्पकार यानोश मार्शल्को त्यानंतर कित्येक वर्षं जगला. आणि जीभ आहे. ती आतल्या बाजूला सपाट आहे, चौथऱ्याखाली उभं राहून दिसत नाही इतकंच.

झाडाझडती | १८ जून, दुपारी ४:१०

मी स्वतः खालून पाहिलंय, मला तर दिसली नाही.

शुद्धलेखनी | १८ जून, दुपारी ४:१२

मी तेच म्हणतोय.

छायाप्रकाश | १९ जून, रात्री ८:४५

फोटोंबद्दल. पूर्ण अंधारात आकाश काळं आणि इमारत जळकी पिवळी येते, मोबाइलला दोन्ही सांभाळता येत नाही. सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटं आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा जवळपास सारख्या उजेडाचे असतात. तेवढ्यात जे काय काढायचं ते काढा. बोट हलते, त्यामुळे 'नाइट मोड'ने तीन सेकंद मोबाइल धरून बसलात तर संसदेची जिलबी होते. साधा मोड ठेवा, तीन-चार फोटो पटापट काढा, एक नीट येतो. कठड्याला कोपर टेकू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. काचेमागेच बसावं लागलं तर मोबाइल काचेला चिकटवा आणि भोवती काळी शाल धरा.

मुक्तछंदी | १९ जून, रात्री ९:३०

'संसदेची जिलबी' :))

अनुजाताई | २० जून, सकाळी १०:२०

ताम्हण, आणखी एक. संसदेच्या जरा दक्षिणेला, पेस्टच्या काठावर अगदी पाण्याच्या कडेला लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. २००५ मध्ये बसवल्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाच्या लोकांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या, आणि त्याआधी बूट काढायला लावले, कारण बूट विकता येत होते. माणसं नदीत, बूट काठावर.

बोटीतून ते बूट दिसत नाहीत. आमच्या बोटीत त्याच क्षणी व्हायोलिन चालू होतं. दिवसा पायी जाऊन या, आणि मग संध्याकाळी बोटीत बसा. आम्ही उलटं केलं, दुसऱ्या दिवशी तिथे उभी होते तेव्हा आदल्या रात्री याच पाण्यावरून आपण टाळ्या वाजवत गेलो हे आठवून कसंतरी झालं.

कडेकपारी | २० जून, सकाळी ११:०५

हे मी लिहायला हवं होतं. मी बूट शेवटच्या दिवशी पाहिले. एका छोट्या बुटात कुणीतरी गोळ्या-चॉकलेट ठेवली होती.

ताम्हण | ६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

सगळ्यांचं ऐकलं, म्हणजे जवळपास सगळ्यांचं. सकाळी बूट पाहिले. आई तिथे काही बोलली नाही, एका चपलेतलं पाणी रुमालाने टिपलं आणि पुढे निघाली. दुपारी हॉटेलात झोप, मग संध्याकाळी सव्वासहाची बोट. नदी बरीच खाली होती, त्यामुळे उतार चांगलाच तीव्र. पण धक्क्यावरच्या मुलाने न विचारताच आईचा हात धरला आणि "नॉड्यमॉमॉ" की असंच काहीतरी म्हणाला. (शुद्धलेखनी, हे म्हणजे आजीच ना?) आईने त्याला मराठीत आशीर्वाद दिला.

आम्ही खाली पुढच्या उघड्या जागेत बसलो. कानटोपी, स्वेटर, शाल आणि वरून माझं जॅकेट. पाण्यावरचा वारा खरंच बोचतो, काठावर उकडत होतं म्हणून फसू नका. बोट त्या दिवशी बुडाच्या काठाने वर गेली. म्हणजे उजवीकडे बसून आम्हाला संसद लांबून दिसली, आणि जहाजी बाबांची आठवण झाली. पण लांबून दिसली म्हणून ती अख्खी दिसली, पाण्यातल्या सावलीसकट. निळी पाटीही दिसली, एका मालवाहू जहाजावर. मी शेजारच्या जर्मन जोडप्याला ऐटीत समजावून सांगितलं.

पक्षी होते. आई म्हणाली, देवळाच्या शिखरावर पारवे उडतात तसे.

मार्गारेट पुलाखालून जाताना मला २०१९ आठवलं आणि मी आईचा हात घट्ट धरला. तिला वाटलं मला थंडी वाजतेय, तिने शाल माझ्या अंगावर टाकली.

आता जिभेचं. दुसऱ्या दिवशी सकाळी साखळी पुलावर गेलो. आईला हा वाद तोंडपाठ होता. सिंहाखाली उभी राहिली, मान वाकडी करून पाहिलं, काही दिसेना. मग माझ्या पिशवीतली सेल्फी काठी काढली, तिला मोबाइल अडकवला आणि मला म्हणाली, "व्हिडिओ चालू कर." भर पुलावर, येणारे-जाणारे बघताहेत, आणि माझी आई काठी उंच करून सिंहाच्या तोंडात मोबाइल घालतेय. दोनदा काठी घसरली. तिसऱ्यांदा जमलं. खाली आणून चष्मा लावून बघितलं आणि जोरात म्हणाली, "आहे की गं! चांगली मोठी आहे. मेला सिंह बोलत नाही एवढंच."

फोटो हललेला आहे, पण जीभ दिसते. उद्या टाकते.